वाळलीय किती!

ती आमच्या समोरून गेली तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं, ते मला अजून सलतंय.

शनिवार, २ ऑगस्ट २०२५. आल्प्समधला कोल द ला मादलेन हा घाट. बायकांची टूर द फ्रान्स, फ्रान्समधली नऊ दिवसांची मोठी सायकल शर्यत, त्या दिवशी हा घाट चढणार होती. माथा चारेक किलोमीटरवर राहिला असेल, अशा एका वळणावर मी आणि माझी चौदा वर्षांची लेक सकाळपासून ठाण मांडून बसलो होतो. रस्ता गाड्यांना कधीच बंद झालेला, त्यामुळे खालच्या गावातून पोळीभाजी आणि पाण्याच्या बाटल्या पाठीवर घेऊन चालत आलो होतो. वळणाच्या कठड्याशी गायींच्या घंटा वाजवणारी पोरं, घडीच्या खुर्च्यांवर बसलेली म्हातारी जोडपी, आणि डांबरावर पांढऱ्या रंगात वीतभर रुंद अक्षरांत लिहिलेलं एक नाव : पोलीन. जाहिरातींच्या गाड्या टोप्या आणि बिस्किटांची पुडकी फेकत केव्हाच निघून गेल्या होत्या. मग हेलिकॉप्टरची घरघर ऐकू आली आणि पाठोपाठ खालच्या वळणावरून आरडाओरडा वर सरकू लागला. घाटात हे फार अंगावर येतं. माणूस दिसायच्या आधी त्याच्याभोवतीचा कल्लोळ वळण चढत आपल्याकडे येतो. ‘आले, आले, आले!’ फ्रेंचमध्ये याचा अर्थ ‘चल, हाण’. इथं इतकी वर्षं राहूनही माझ्या कानाला ते आपलंच ‘आले, आले!’ वाटतं, पालखी वेशीत शिरली की म्हणतात तसं.

आणि पोलीन फेराँ-प्रेव्हो आली. एकटी. पुढं मोटारसायकल, मागं गाडी, मधे ती. माझ्यापासून हातभर अंतरावरून गेली. चढ इतका की ती पुरती तीन-चार सेकंद दिसली. सपाटीवर एवढंसुद्धा दिसत नाही. तोंड उघडं, मान खाली, कोपराच्या वर दंड जवळजवळ नाहीतच, पोटरीवरच्या शिरा दोरीसारख्या. श्वासाचा आवाज आला, चेनचा आला. सगळे बेभान होऊन तिच्या नावानं ओरडत होते आणि मी मराठीत म्हणाले, ‘अगं बाई, वाळलीय किती!’

लेक माझ्याकडे वळली. ‘आई, ती जिंकतेय. आणि तू तिचं वजन बघतेस?’

मी काही बोलले नाही.

‘वाळलीस’ हा शब्द मी किती वर्षं ऐकत आलेय! मे महिन्याच्या सुट्टीत सांगलीला आत्याकडे उतरलं की अंगणात चपला काढायच्या आधीच आत्या माझे दोन्ही दंड धरून मला उजेडाकडे वळवायची आणि म्हणायची, ‘वाळलीस गं. आई जेवायला घालत नाही का?’ त्यात माया होती. त्या शब्दापाठोपाठ तुपाची धार सोडलेला गुरगुट्या भात यायचा. पण एका वर्षी तीच आत्या त्याच अंगणात म्हणाली, ‘आता जरा बेतानं खा, अंग धरायला लागलीस.’ मी तेरा वर्षांची होते. तेव्हापासून आजतागायत, मी ज्या ज्या घरात शिरले तिथं माझ्याआधी माझं वजन शिरलं. माझ्या मुलीच्या वाट्याला हे येऊ द्यायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं. पण त्या उन्हाळ्यात ती ताटातला भात बाजूला सारू लागली होती. एकच पोळी, दही नको, तूप नको. ती इथल्या सायकल क्लबात जाते, दर बुधवारी दुपारी, शाळा नसते तेव्हा. क्लबात कुणी काही बोललं का, हे विचारायची हिंमत मी महिनाभर गोळा करत होते. घाटात जे तोंडून निघालं ते कुणासाठी होतं, हे मला तिथंच कळलं होतं.

पोलीनची गोष्ट मी बरीच वर्षं दुरून बघत आलेय. जन्म १९९२, गाव रँस, शॅम्पेनचा मुलूख. बावीस वर्षांची असताना, सप्टेंबर २०१४ मध्ये, स्पेनमधल्या पॉनफेर्रादाला ती रस्त्यावरच्या सायकलिंगची जगज्जेती झाली. पुढच्या जानेवारीत चेक देशातल्या ताबोरला सायक्लोक्रॉसची, म्हणजे चिखलात सायकल खांद्यावर घेऊन पळायची जी शर्यत असते तिची. आणि सप्टेंबर २०१५ च्या सुरुवातीला अँडोरात माउंटन बाइकची. तीन प्रकार, तीन वेगळ्या सायकली, आणि तिन्हींतली जगज्जेतीची इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी एकाच वेळी एकाच बाईच्या कपाटात. हे त्याआधी कुणालाच जमलं नव्हतं, पुरुषांनासुद्धा. मला भावतो तो त्या सुखाचा आवाका. रस्त्यावरची पुढची जागतिक स्पर्धा त्याच महिन्याच्या अखेरीस होती, तिथं ती जर्सी दुसरीकडे गेली. म्हणजे तिन्ही जर्सी तिच्याकडे होत्या त्या जेमतेम तीन आठवडे. तेवीस वर्षांच्या मुलीला या तीन आठवड्यांचं ओझं पुढं किती वर्षं वाहावं लागलं असेल! काहीही केलं की लोक म्हणणार, पण तेव्हा तर तू तिन्ही जिंकली होतीस.

पुढचंच वर्ष वाईट गेलं. पाठीतून पायात उतरणारी सायटिकाची कळ, मन थाऱ्यावर नाही, आणि रिओ ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकची शर्यत तिनं अर्ध्यावर सोडली. नंतर डाव्या पायाचं कोडं सुरू झालं. पोटाखालून मांडीकडे रक्त नेणारी जी धमनी असते, ती सायकलवर पुढे वाकून बसलं की जांघेपाशी दुमडते. वर्षानुवर्षं पाय लाखो वेळा वरखाली झाले की काही जणांच्यात तिची भिंत आतून जाड होत जाते आणि रक्ताची वाट अरुंद होते. गंमत अशी, की बसलं असताना, चालताना काहीच जाणवत नाही. चढाला जिवाच्या आकांतानं जोर लावला की मगच तो पाय आपला राहत नाही. बधिर होतो, जड होतो, आणि थांबलं की परत शहाण्यासारखा वागतो. त्यामुळे आधी सगळ्यांना वाटतं की दुखणं मनाचं आहे. बाईचं असेल तर अधिकच वाटतं. २०१९ च्या सुरुवातीला तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस कॅनडात ती माउंटन बाइकची जगज्जेती झाली. आणि मग तोच त्रास उलटला, पुन्हा टेबलावर जावं लागलं.

मी हे वाचलं तेव्हा माझं माझ्या गुडघ्यांवरून चाललेलं रडगाणं बंद झालं होतं, दोन दिवस तरी.

आमच्या शेजारी एक फ्रेंच आजी राहतात. मी त्यांना मादाम म्हणते, पण मनात आजीच. आम्ही ग्रनोब्लमध्ये राहतो आणि या भागातल्या जुन्या लोकांना बायकांची सायकल म्हटलं की एकच नाव आठवतं : झानी लोंगो. जन्म आनसीचा, आयुष्य ग्रनोब्लच्या आसपासच्या डोंगररस्त्यांवर. आजी सांगतात, शार्त्रूझच्या घाटात एका सकाळी त्यांच्या गाडीच्या पुढं एक बारकीशी बाई सायकल हाणत होती, आणि गाडी तिला गाठेना. १९८७, ८८ आणि ८९ अशी लागोपाठ तीन वर्षं लोंगोनं बायकांची टूर जिंकली. मग ती टूर विरून गेली. वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या रस्त्यांनी कशीबशी चालली, थांबली. २०२२ मध्ये ती आजच्या रूपात परत सुरू झाली. लोंगोला ऑलिंपिकचं सोनं हुलकावण्या देत राहिलं. १९८४ मध्ये लॉस एंजलिसला ऐन शेवटी सायकल नादुरुस्त, ८८ ला दुखावलेलं खुब्याचं हाड घेऊन सोलला, ९२ ला बार्सेलोनात रौप्य, आणि १९९६ मध्ये अटलांटाच्या पावसात, सदतिसाव्या वर्षी, सोनं. बारा वर्षं. आजींशी बोलता बोलता मी बोटांवर मोजलं : पोलीनचं पहिलं ऑलिंपिक २०१२ चं लंडन, सोनं मिळालं २०२४ च्या पॅरिसला. तीही बारा वर्षं. आजींनी त्यांच्या कॉफीत साखर ढवळत नुसतं ‘व्वाला’ म्हटलं, आपण ‘बघ!’ म्हणतो तसं.

पॅरिसची ती शर्यत मी टीव्हीवर बघितली. पॅरिसच्या पश्चिमेला एलांकूरची टेकडी आहे. पूर्वीच्या खाणीच्या जागेवर शहराचा राडारोडा आणि कचरा रचून उभी राहिलेली. आता त्या सगळ्या इलाख्यातली सर्वांत उंच जागा. २८ जुलै २०२४. पोलीन सुटली ती सुटलीच. दुसऱ्या क्रमांकाची हेली बॅटन तिच्यानंतर २ मिनिटं ५७ सेकंदांनी आली. एवढ्या फरकानं जिंकणाऱ्याकडे शेवटच्या फेरीत आजूबाजूला बघायला वेळ असतो, आणि ती बघत होती. प्रेक्षकांकडे, झाडांकडे. त्यानंतर माउंटन बाइक बाजूला ठेवून ती रस्त्यावर परतली. व्हिस्मा-लीज अ बाइक या संघाशी तीन वर्षांचा करार केला आणि उघडपणे सांगितलं की या तीन वर्षांत टूर जिंकायचीय. बत्तीस वर्षांची होती. वर्षानुवर्षं रस्त्यावरच्या मोठ्या शर्यतींपासून लांब राहिलेली. मला ते ऐकून धस्स झालं होतं. इतक्या वरून, आपण होऊन, परत जिन्याच्या तळाशी उभं राहायचं म्हणजे काय, हे नोकरी बदललेल्या कुठल्याही बाईला कळेल.

एप्रिल २०२५ मध्ये तिनं पॅरिस-रूबे जिंकली. उत्तर फ्रान्सच्या शेतांमधले, घोडागाड्यांच्या काळातले दगडी गोट्यांचे रस्ते, त्यावरून ही शर्यत जाते. पुरुषांची १८९६ पासून आहे. बायकांना त्या दगडांवर सोडलं ते २०२१ मध्ये. त्या आठवड्यात पोलीनची तब्येत बरी नव्हती, तरी शेवटच्या टप्प्यात ती एकटी निघाली आणि रूबेच्या जुन्या वेलोड्रोममध्ये, म्हणजे सायकल शर्यतींच्या गोल मैदानात, एकटीच शिरली. ही शर्यत जिंकणारी ती पहिली फ्रेंच बाई. माझ्या लेकीनं त्या दिवशी तिचं चित्र वहीला चिकटवलं. त्या चित्रात तिचे हात, खांदे, मांड्या, सगळं भरलेलं होतं. दगडांवर आपटत जायचं तर अंगात वजन लागतं, नाहीतर सायकल उडते.

आणि पावणेचार महिन्यांनी मादलेनवर ती आमच्या समोरून गेली, तेव्हा ते अंग नव्हतं.

मादलेनचा चढ त्या बाजूनं १८.६ किलोमीटर आहे, सरासरी ८.१ टक्के. म्हणजे दर शंभर मीटरला आठ मीटर वर, आणि असं साधारण तासभर, २,००० मीटर उंचीपर्यंत, जिथं हवाच विरळ. अशा चढाला सायकलस्वाराची सगळी ताकद स्वतःला वर उचलण्यात जाते. ढोबळ हिशेब केला तर अंगावरचा एकेक किलो अशा घाटात जवळजवळ मिनिटभर खातो. हा हिशेब माझ्या नवऱ्यानं नंतर वहीच्या मागच्या पानावर करून दाखवला. तो बघताना मला कसंतरीच झालं, कारण हिशेब बरोबर होता. त्या दिवशी तिची वीस वर्षांची सहकारी मारियों ब्यूनेल आधीच पुढच्या घोळक्यात गेली होती. तिनं घाटात पोलीनसाठी जीव तोडून वारा कापला. मग पोलीन एकटी निघाली आणि माथ्यावर दुसऱ्या आलेल्या सारा जिगांतला पावणेदोन मिनिटं मागे टाकून पोहोचली. २०२३ ची विजेती देमी फोलेरिंग तीन मिनिटांच्याही मागे. दुसऱ्या दिवशी, एकूण वेळेत सगळ्यांच्या पुढं असणारीला मिळते त्या पिवळ्या जर्सीत, शातेलच्या चढावर तिनं पुन्हा सगळ्यांना सोडलं. ९ दिवसांची टूर ३ मिनिटं ४२ सेकंदांनी जिंकली. लोंगोनंतर छत्तीस वर्षांनी. पुरुषांच्या टूरमध्ये तर फ्रेंच माणूस जिंकल्याला १९८५ पासून चाळीस वर्षं झाली होती. आमच्या इमारतीत त्या संध्याकाळी खिडक्यांतून लोक एकमेकांशी बोलत होते. इथं असं फार क्वचित होतं.

मग ते चार किलो चर्चेत आले. तिनं टूरसाठी चार किलो वजन उतरवलं होतं आणि विचारल्यावर लपवलं नाही. हे शंभर टक्के निरोगी नाही हे आपल्याला माहीत आहे, योजना आखून केलंय, कायम असं राहायचं नाही, अशा अर्थाचं ती बोलली. फोलेरिंगनं लिहिलं की आपला बांधा तसा नाही आणि आपल्याला त्या मागं लागायचं नाही. सेद्रीन केरबाओल, जी स्वतः आहारशास्त्र शिकलेली सायकलपटू आहे, ती या काळजीबद्दल बोलत आलीच होती. बघता बघता सगळा देश एका बाईच्या दंडांवर बोलू लागला. जे आठवडाभर तिच्यासाठी ओरडत होते त्यांच्यातले कितीतरी आता डोळे बारीक करून फोटो बघत होते. मला त्यातल्या प्रत्येक वाक्यात माझाच आवाज ऐकू येत होता. आणि तरी मी त्यांना चूक म्हणू शकत नाही.

कारण मला शाळेतली ती आठवते. आमच्या खो-खोच्या संघातली सगळ्यांत चपळ मुलगी, खांबाला वळसा घालायची तर धूळही उडायची नाही. हलकं राहायचं म्हणून ती डबा अर्धा खायची आणि उरलेला आम्हाला वाटायची. आम्ही आनंदानं खायचो. दहावीच्या वर्षी तिची पाळी सहा-सात महिने आली नाही. आम्हाला तिचा हेवा वाटायचा. स्पर्धेच्या दिवसांत कटकट नाही, काय नशीब! कुणी मोठ्या माणसाला सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्या काळी कुणी काय ऐकलं असतं. मग साध्या पडण्यात तिच्या पायाचं हाड मोडलं आणि ते वेळेत जुळून येईना. खाणं कमी आणि कष्ट जास्त असले की शरीर आधी पाळी बंद करतं, मग हाडांतून काढून घेतं, हे मी चाळिशीत वाचलं. ती आता आमच्या शाळेच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवते. मी तिला कधी त्याबद्दल विचारलेलं नाही.

पण पोलीन ती नाही. पोलीन तेहतीस वर्षांची, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ हाताशी असलेली, स्वतःच्या धमनीच्या भिंतीची जाडी माहीत असलेली बाई आहे. ज्या पायानं तिला दगा दिला त्या पायाशी ती वर्षानुवर्षं बोलत आलीय. तिनं चार किलोंचा सौदा डोळे उघडे ठेवून केला. तो तिचाच होता आणि तिनं तो खरा करून दाखवला. तिच्याकडे बघून कुठली तरी चौदा वर्षांची मुलगी भात बाजूला सारेल याचा जाब तिला विचारायचा का? मी रात्र रात्र यावर विचार केला. पुरुषांच्या टूरमध्ये वर्षानुवर्षं हाडं मोजता येतील अशी माणसं घाट चढताहेत आणि त्यांच्या बारीकपणाला आपण ‘फॉर्म’ म्हणतो. हे कळूनही माझी काळजी काही कमी झाली नाही.

त्या आठवड्यात लेकीनं जेवताना विचारलं, ‘मग तू बरोबर बोललीस का त्या दिवशी?’ मला वाटलं होतं की हा प्रश्न आला की मला जरा बरं वाटेल. वाटलं नाही. मी तिला म्हटलं की मी पोलीनकडे बघून बोललेच नव्हते, तुझ्याकडे बघून बोलले होते. ती चमचा हातात धरून बराच वेळ गप्प बसली. मग हळूहळू बोलू लागली. क्लबात कुणी काही म्हणालं नव्हतं. तिनंच चढाचा हिशेब केला होता, नवऱ्यानं वहीत केला तसाच, त्याच्याही आधी. तिचा हिशेबही बरोबर होता. फक्त पोलीनला चढायचा होता २,००० मीटरचा घाट, वाट बघत असलेल्या चाळीस वर्षांसकट, आणि माझ्या मुलीला बुधवारी दुपारी क्लबाच्या मागची टेकडी.

त्या शनिवारी पोलीन गेल्यावर आम्ही लगेच उठलो नव्हतो, हे सांगायचं राहिलं. जिगांत गेली, फोलेरिंग गेली. पिवळ्या जर्सीतली किम ल कूर, मॉरिशसची, तोवर मागे पडली होती. मॉरिशस म्हटलं की मला तिथली मराठी घरं आठवतात, आणि का कोण जाणे, तिच्यासाठी मी घसा फुटेस्तोवर ओरडले. ती जर्सी आता जाणार हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग लहान लहान घोळके येत राहिले, अर्ध्या तासानंतरही. त्यांच्यात उंच होत्या, ठेंगण्या होत्या, रुंद खांद्यांच्या होत्या, सपाटीवर वाऱ्यासारख्या सुटणाऱ्या आणि इथं घाटात दात-ओठ खाणाऱ्या. त्यांना फक्त वेळेच्या मर्यादेत माथा गाठायचा होता. लेक कठड्यावर उभी राहून पाठीवरचा नंबर बघून फोनमध्ये नाव शोधायची आणि ते नाव घेऊन ओरडायची. एकीनं, मला वाटतं अगदी शेवटच्या काहींपैकी एकीनं, आपलं नाव ऐकून मान वर केली आणि हसली. घामानं मीठ फुटलेला चेहरा. मागं शर्यत संपल्याची गाडी.

सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही पुन्हा मादलेनला गेलो. गाडीनंच, लेकीची सायकल मागच्या स्टँडवर. शेवटचे चार किलोमीटर ती चढवणार होती. घाटात गुरं होती, त्यांच्या घंटा, ओल्या गवताचा आणि शेणाचा वास, आणि माथ्याकडून येणारा गार वारा. आमच्या वळणावर पांढऱ्या अक्षरांवरून दोन महिने गाड्या गेल्या होत्या. ‘पो’ जवळजवळ गेला होता, ‘लीन’ शिल्लक होतं. लेक तिथं उतरली, सायकल कठड्याला टेकवली, आणि डिकीतून डबा काढला. मेथीच्या पोळ्यांचे रोल होते, तूप लावून. ती अक्षरांवर मांडी घालून बसली, खाऊ लागली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘मी निघाले की ओरड हां. मराठीत ओरडलीस तरी चालेल.’